न्यूबरीपोर्टचे मजूर

"कष्ट केले की माणूस वर येतोच" असं कुणी म्हटलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक जण म्हणतो, "आमच्या मामांचंच घ्या ना. वार लावून जेवले, म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली अभ्यास केला, आणि चीफ इंजिनियर म्हणून रिटायर झाले." दुसरा म्हणतो, "मामांचं सोडा हो, टक्केवारी काय सांगते?" इथे पहिल्याला राग येतो, कारण मामांचा अपमान झालेला असतो. दुसऱ्यालाही राग येतो, कारण एक उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे हे किती वेळा सांगायचं! आणि चहा गार होतो.

माझा पिंड आकडेवाल्याचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण या वादाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की तो आपल्याला वाटतो तितका सरळ नाही. त्यातला सगळ्यात मजेदार भाग अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या न्यूबरीपोर्ट नावाच्या एका छोट्या बंदरात घडला. त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

त्याआधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत "चिंध्यांतून श्रीमंतीकडे" या कल्पनेशी होरेशिओ आल्जर या लेखकाचं नाव कायमचं चिकटलं आहे. त्याची 'रॅग्ड डिक' ही कादंबरी १८६८ मध्ये पुस्तकरूपानं आली. नायक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बूटपॉलिश करणारा पोरगा. गंमत अशी की आल्जरचं नाव घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी ती वाचलेली असते. डिक काही कोट्यधीश होत नाही. तो बोटीवरून पाण्यात पडलेल्या एका लहान मुलाला वाचवतो, मुलाचा बाप निघतो व्यापारी, आणि तो डिकला आठवड्याला दहा डॉलरवर कारकून म्हणून ठेवून घेतो. संपलं! म्हणजे भरपूर सचोटी, थोडी बचत, आणि ऐन वेळी पाण्यात पडणारं श्रीमंताचं पोर. आल्जरच्या टीकाकारांपेक्षा आल्जर स्वतःच जास्त वास्तववादी होता असं मला वाटतं.

पण खरी उदाहरणंही होतीच. अँड्र्यू कार्नेगीचा बाप स्कॉटलंडमधला हातमागाचा विणकर. कुटुंब १८४८ मध्ये अमेरिकेत आलं, आणि तेरा वर्षांचा अँड्र्यू सूतगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंटवर लागला. पुढे पोलादसम्राट झाला आणि वर आत्मचरित्रही लिहिलं. असं एक पुस्तक हजार तक्त्यांना भारी पडतं. मामांचंही तेच.

आता न्यूबरीपोर्ट. १९३० च्या सुमाराला लॉइड वॉर्नर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ तिथे पोचला. हा गडी त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये राहून अभ्यास करून आला होता. त्यानं ठरवलं की हीच पद्धत आपल्याच देशातल्या एका गावाला लावून बघू. सुमारे सतरा हजार वस्तीचं गाव. मोठी टोळी घेऊन तो तिथे राहिला, शेकडो लोकांशी बोलला, कोण कुणाला जेवायला बोलावतं, कोण कुठल्या आळीत राहतं, कोण कुणाला आपल्यापेक्षा खालचा मानतं हे सगळं टिपलं, आणि गावाचे सहा सामाजिक वर्ग पाडले. १९४१ पासून 'यांकी सिटी' या नावानं त्याचे जाडजूड खंड निघाले. (गावातलाच कादंबरीकार जॉन मार्क्वांड यानं १९४९ च्या 'पॉइंट ऑफ नो रिटर्न' या कादंबरीत अशाच एका संशोधकाची यथेच्छ टिंगल केली आहे. गावात येऊन प्रश्न विचारणाऱ्यांचं गावकरी असंच करतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही सर्वेक्षणवाल्याला विचारा.)

वॉर्नर तिथे असतानाच, १९३३ मध्ये, गावातल्या बुटांच्या कारखान्यांत संप झाला. तोवर नरम समजले जाणारे कामगार एकाएकी एकजुटीनं का उठले? वॉर्नरनं याचं स्पष्टीकरण असं दिलं: पूर्वी बूट बनवणं ही कारागिरी होती. पोरगा शिकाऊ म्हणून लागायचा, कारागीर व्हायचा, शेवटी उस्ताद व्हायचा. यंत्रं आली, सगळी कामं सारखीच बिनकौशल्याची झाली, ही शिडी मोडली, आणि वर जायची वाट बंद झाल्यावर माणसं संपावर गेली.

ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. प्रश्न एवढाच की पूर्वी ही शिडी होती, हे वॉर्नरला कसं कळलं? तर गावातल्या लोकांनी सांगितलं! आमच्या आजोबांच्या वेळी असं होतं, तसं होतं... जुने कागद तपासायची गरज त्याला वाटली नाही.

ती गरज वाटली स्टीफन थर्नस्ट्रॉम या तरुण इतिहासकाराला. त्याचं 'पॉव्हर्टी अँड प्रोग्रेस' हे पुस्तक १९६४ मध्ये आलं. त्यानं काय केलं, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच आवडेल. अमेरिकेत १८५० च्या जनगणनेपासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, धंदा आणि जन्मस्थान लिहायला सुरुवात झाली. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीची डोकी मोजायचे. ("स्वतंत्र" हा शब्द विसरू नका. गुलामांची वेगळी यादी होती आणि तीत त्यांची नावं लिहीत नसत, मालकाचं नाव लिहीत. म्हणजे ज्यांच्या पिढ्यान्पिढ्या अडकून पडल्या होत्या, ते या विद्यातून पहिल्याच पायरीवर वगळले गेले.) थर्नस्ट्रॉमनं न्यूबरीपोर्टच्या मूळ नोंदवह्यांतून अकुशल मजूर वेचून काढले आणि तेच लोक, त्यांची मुलं पुढच्या दर दहा वर्षांच्या नोंदवहीत शोधली, १८८० पर्यंत. जोडीला कराच्या नोंदी आणि बचत बँकेची खाती. म्हणजे चक्क तीन-चार तक्त्यांचा जॉइन, तोही हातानं, आणि प्रायमरी की नसताना!

निघालं काय? बापांपैकी बहुतेक जण मजूरच राहिले. काही थोडे अर्धकुशल किंवा कुशल कामात सरकले. पांढरपेशा कामापर्यंत पोचलेले अगदीच मोजके. मुलांचं जरा बरं, पण तीही मुख्यतः गिरणीतल्या अर्धकुशल कामापर्यंतच. गावकऱ्यांच्या आठवणीतली शिडी बिनकौशल्याच्या मजुरासाठी तरी फार उंच जात नव्हती. वॉर्नरनं गावाची दंतकथा गावाचा इतिहास म्हणून छापली होती, असं थर्नस्ट्रॉमनं पुस्तकाच्या शेवटी एक वेगळं परिशिष्ट जोडून खडसावून सांगितलं.

आकडेवाले एक, मामावाले शून्य. पण थांबा.

थर्नस्ट्रॉमच्या तक्त्यांत दोन गोष्टी अशा होत्या की त्यांनी त्याचं त्यालाच कोड्यात टाकलं. पहिली म्हणजे हे मजूर मजूरच राहिले, तरी गावात टिकून राहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी दहा-वीस वर्षांत स्वतःचं छोटं घर केलं, बँकेत चार पैसे टाकले. विशेषतः आयरिश लोकांनी. धंद्याच्या रकान्यात "मजूर" आणि पुन्हा "मजूर". म्हणजे प्रगती शून्य. पण दुष्काळात बटाटे कुजून आई-बाप गेलेल्या माणसाला विचारा की स्वतःच्या दारात उभं राहून त्याला काय वाटत होतं. तो नक्कीच म्हणाला असता, "मी वर आलो." हे घर झालं कसं, तेही थर्नस्ट्रॉमनं दाखवलंय: मुलांना लवकर शाळेतून काढून गिरणीत घातलं म्हणून. आयरिश बापांची घरं जास्त झाली आणि आयरिश मुलांची धंद्यातली चढती मात्र इतरांपेक्षा कमी राहिली. म्हणजे बापाचं घर मुलाच्या शाळेच्या पैशातून उभं राहिलं. याला गतिशीलता म्हणायचं की नाही, हे कुठला तक्ता सांगणार? बापाला विचाराल तर एक उत्तर येईल, मुलाला विचाराल तर कदाचित दुसरंच.

दुसरी गोष्ट याहून मोठी. १८५० च्या यादीतले निम्म्याहून जास्त मजूर १८६० च्या यादीत नव्हतेच! काही वारले असतील, पण बहुतेक गाव सोडून गेले. कुठे? माहीत नाही. म्हणजे "मजूर वर आले की नाही" याचं उत्तर राहिलेल्या निम्म्याहून कमी माणसांवरून दिलेलं होतं. गेलेले लोक पश्चिमेला जाऊन जमीनदार झाले, की गावोगाव काम शोधत भटकले? थर्नस्ट्रॉमचा अंदाज दुसऱ्या बाजूचा होता. पण तो अंदाजच. ज्या माणसानं वॉर्नरला पुराव्यावरून झोडपलं, त्याच्याच विद्यात एवढं मोठं भोक होतं. आणि त्यानं ते लपवलं नाही, उलट ठळक मांडलं, म्हणून माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढला.

दुसऱ्या टोकाकडूनही हाच प्रश्न विचारला गेला. तळाच्या माणसाचं पुढे काय झालं हे बघण्याऐवजी शिखरावरची माणसं कुठून आली ते बघायचं. विल्यम मिलर यानं १९४९ मध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या बड्या कंपन्यांच्या म्होरक्यांची पार्श्वभूमी तपासली. बहुतेक सगळे चांगल्या खात्यापित्या, शिकलेल्या घरांतले. गरीब स्थलांतरिताचा पोर हा प्रकार जवळजवळ नाहीच. कार्नेगी म्हणजे नियम नव्हे, अपवाद. हा निष्कर्ष बराच काळ पक्का मानला गेला.

मग १९६९ मध्ये हर्बर्ट गटमन यानं न्यू जर्सीतल्या पॅटरसन या कारखान्यांच्या गावावर एक लेख लिहिला. १८३० ते १८८० या काळातले तिथले रेल्वे इंजिनं, लोखंड आणि यंत्रं बनवणारे कारखानदार त्यानं एकेक करून तपासले. निघालं उलटंच! बहुतेकांची सुरुवात कामगार किंवा कारागीर म्हणूनच झाली होती. रॉजर्स लोकोमोटिव्हचा टॉमस रॉजर्स हा मुळात सुतारकाम शिकलेला. देशपातळीवरच्या उच्चभ्रूंच्या यादीत हे लोक बसत नव्हते, म्हणून मिलरच्या जाळ्यात आले नाहीत. पण पॅटरसनच्या कामगाराला न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांशी काय देणंघेणं? त्याला रस्त्यात भेटणारा कारखानदार वीस वर्षांपूर्वी त्याच्यासारखाच ऐरणीवर होता, हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं होतं. तेव्हा "वर येता येतं" हा त्याचा विश्वास भाबडा नव्हता. त्याच्या नमुन्यापुरता तो बरोबर होता.

मला हा लेख या सगळ्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो आकड्यांच्या विरुद्ध नाही, गटमननंही मोजलंच. पण "अनुभव" म्हणून आपण ज्याला हसतो तोही एक नमुनाच असतो, लहान आणि एका गावाचा, हे त्यातून कळतं. आणि राष्ट्रीय सरासरी हासुद्धा कुणीतरी आखलेल्या यादीवरचा नमुना असतो. मामांच्या पिढीत, मामांच्या जातीत, मामांच्या गावात खरंच दहातले चार वर आले असतील. मग भाच्याचा विश्वास त्या चारांवर उभा आहे, हवेत नाही. त्यानं फक्त तो सगळ्या देशाला लावू नये.

आता हरवलेल्या मजुरांकडे वळू. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जुन्या अमेरिकन जनगणनांची सगळीच्या सगळी पानं संगणकावर आली (१८९० ची सोडून, ती १९२१ च्या आगीत सापडली). आता एका गावापुरतं शोधायची गरज नाही. १८५० मध्ये न्यूबरीपोर्टला असलेला मजूर १८६० मध्ये ओहायोत असला तरी प्रोग्रामनं सापडू शकतो. निदान तत्त्वतः.

ज्यांनी कधी ग्राहकांची जुनी यादी साफ केली असेल त्यांना पुढची भानगड ठाऊक आहे. एकच माणूस तीन स्पेलिंगांनी तीन वेळा. आणि तीन वेगळी माणसं एकाच नावानं. जनगणनेचा कारकून ऐकू आलं तसं लिहायचा, वय लोक पाचाच्या पटीत सांगायचे. उच्चारावरून नावं एकत्र आणणारी साउंडेक्स पद्धत आपण एसक्यूएलमध्ये सहज वापरतो. तिचं पेटंट १९१८ चं आहे, आणि १९३० च्या दशकात अमेरिकन जनगणनेच्या जुन्या नोंदींची सूची करायला तीच वापरली होती. पण पॅट्रिक सलिव्हन नावाचे साधारण एकाच वयाचे अनेक आयरिश असतील तर साउंडेक्स तरी काय करणार?

आणि इथली चूक निरुपद्रवी नसते. समजा, मजूर बापाचा मुलगा म्हणून प्रोग्रामनं भलत्याच पॅट्रिकला पकडलं आणि तो निघाला किराणा दुकानदार. तक्त्यात नोंद झाली: मजुराचा मुलगा दुकानदार! चुकीच्या जोड्या म्हणजे कुठल्याही बापाला कुठलाही मुलगा, त्यामुळे बापाचा आणि मुलाचा संबंध पुसट होतो आणि समाज आहे त्यापेक्षा जास्त गतिशील दिसतो. नियम कडक करावे, तर विचित्र नावाचीच माणसं हाती लागतात. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललं की बाई तक्त्यातून गायबच. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाबद्दलचे हे बहुतेक निष्कर्ष बाप आणि मुलगा यांचेच आहेत, हे वाचताना मनात ठेवावं लागतं.

या पद्धतीनं जेसन लाँग आणि जोसेफ फेरी यांनी २०१३ मध्ये मांडलं की १८५० नंतरच्या तीस वर्षांत अमेरिका ब्रिटनपेक्षा खरंच जास्त गतिशील होती. त्याच नियतकालिकात लगेच आक्षेप आले, मुख्यतः शेतकऱ्यांना कुठे मोजायचं यावरून. शेती सोडून कारखान्यात जाणं म्हणजे वर जाणं की नुसतं बाजूला सरकणं? वाद आकड्यांचाच, पण अडला शब्दावर.

मला जास्त आवडलेला निष्कर्ष रान अब्रामित्स्की, लिया बूस्टन आणि कॅथरिन एरिकसन यांचा, २०१४ चा. नुसत्या एका-एका जनगणनेची चित्रं शेजारीशेजारी ठेवली, तर असं दिसायचं की युरोपातून आलेले स्थलांतरित सुरुवातीला मागे असतात आणि काही वर्षांत स्थानिकांना गाठतात. अगदी आल्जरची कथा! या तिघांनी तीच माणसं वर्षानुवर्षं धरून ठेवून बघितली, तर सरासरी स्थलांतरित सुरुवातीला फारसा मागे नव्हताच, आणि पुढे स्थानिकांच्याच चालीनं सरकत होता. मग "गाठणं" कुठून आलं? एक तर उशिरा आलेल्या तुकड्या वेगळ्या होत्या, आणि दुसरं म्हणजे ज्यांचं जमलं नाही ते बोटीत बसून परत गेले. मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप वर गेली. म्हणजे आकड्यांनी अनुभवाला फसवलं असं नाही, आकड्यांनी आकड्यांनाच फसवलं. "अमेरिकेत आलेल्या आमच्या सगळ्यांचं चांगलं झालं" असं तिथे राहिलेले मराठी लोक म्हणतात, तेव्हा परत आलेले त्या पार्टीत नसतात, तसंच हे.

आपल्याकडे काय? जनगणनेचे मूळ फॉर्म आपल्याला कधीच बघायला मिळणार नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानं ते कुणालाही तपासता येत नाहीत. म्हणून सॅम अॅशर, पॉल नोवोसाद आणि चार्ली रॅफकिन या तिघांनी भारताची गतिशीलता मोजताना उत्पन्नाऐवजी शिक्षण धरलं. त्यांचा निष्कर्ष असा की १९५० च्या दशकात जन्मलेल्यांपासून पुढे देशाची सरासरी फारशी हललेली नाही, पण त्या स्थिर सरासरीच्या पोटात अनुसूचित जाती-जमाती वर सरकल्या आणि मुसलमान खाली. सरासरी एवढी शांत आणि आत एवढी उलथापालथ!

याउलट अनुभवाच्या बाजूला मराठी अतिशय श्रीमंत आहे. दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) घ्या. शिक्षण, मुंबई, नोकरी. कुठल्याही तक्त्यात ही नोंद "वर गेला" अशीच पडेल. आणि पुस्तक वाचताना कळतं की वर गेल्यावरही काय काय अंगाला चिकटून येतं. त्याला रकाना नाही. नरेंद्र जाधवांचं 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) तर आणखी विशेष, कारण लेखक स्वतः अर्थतज्ज्ञ, रिझर्व्ह बँकेतला माणूस, आयुष्य आकड्यांत गेलेलं. गरिबीतून वर येणं सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी तक्ता काढला नाही, बापाला बोलू दिलं.

आणि आपल्याकडे एक तिसरा प्रकार आहे, ना धड आकडे ना धड अनुभव: कुलवृत्तान्त. अमक्याचा मुलगा तमका, शिक्षण, नोकरी, वास्तव्य, पिढ्यान्पिढ्या. कोकणातला भिक्षुक, त्याचा मुलगा पुण्यात मास्तर, नातू मुंबईत वकील. थर्नस्ट्रॉमला वीस वर्षं पुरेल असा विदा! शिवाय आपल्या नावात बापाचं नाव मधोमध बसलेलं, म्हणजे जॉइनची सोय जन्मतःच. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६८ मध्ये चित्पावन घराण्यांच्या कुलवृत्तान्तांवर, समाजबदलाचं साधन म्हणून, लेख लिहिला होता. पण हे ग्रंथ कुणी छापले? ज्यांच्याकडे छापण्याइतके पैसे, वेळ आणि अभिमान होता त्यांनी. आणि त्यांतही एखाद्या शाखेपुढे "पुढील माहिती मिळाली नाही" असं लिहिलेलं सापडतं. वकील झालेल्याची माहिती बहुधा मिळते. हॉटेलात पडेल ते काम करणाऱ्या चुलतभावानं संपादकांच्या पत्राला उत्तर पाठवलं नसणार. न्यूबरीपोर्टचे हरवलेले मजूर आपल्याकडे या ओळीत राहतात.

पुण्यात मात्र एकदा दोन्ही बाजू एकत्र आणायचा प्रयत्न झाला होता. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेनं १९३० च्या दशकात पुणे शहराचं सर्वेक्षण केलं, पुढे १९५० च्या दशकात पुन्हा केलं, आणि त्यांच्या आधारानं नी. वि. सोवनी आणि कुसुम प्रधान यांनी १९५५ मध्ये शहरातल्या तीन पिढ्यांच्या धंद्यांवर लेख लिहिला. युक्ती साधी: तू काय करतोस, बाप काय करायचा, आजा काय करायचा? म्हणजे आठवण हाच विदा. इथेही गाळणी आहेच, पण उलट्या बाजूची. ज्याचे नातू पुण्यात राहिले तोच आजा मोजला गेला, ज्याचे नातू मुंबईला गेले तो नाही, आणि ज्याचे तीन नातू पुण्यात वेगवेगळ्या चुली मांडून होते तो तीनदा.

तिकडे अमेरिकेत जनगणनेच्या नोंदी बहात्तर वर्षांनी खुल्या होतात. १९५० ची एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली. वॉर्नरशी बोललेले, १९३३ च्या संपात उतरलेले न्यूबरीपोर्टचे चांभार-कामगार आणि तोवर मोठी झालेली त्यांची मुलं, जी हयात होती ती, त्या पानांत नावानिशी असणार. शिडी मोडली होती की नाही, हे आता कुणीही एखाद्या शनिवारी बसून तपासू शकतं.